सुताचं ओलं टोक

मे महिना लागला की अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत गाड्यांवर पिवळी धूळ बसते. झाडांचा पराग आहे म्हणतात. सकाळी मी मिलिंदची गाडी पुसायला घेतो. मुलगा म्हणतो, बाबा, राहू द्या, पाऊस आला की जाईल. पण रिकाम्या हातांना काहीतरी लागतं. दोनदा फडकं फिरवलं की ते पिवळं होतं, नाक चुरचुरतं, आणि मी उभ्या उभ्या ब्लो रूममध्ये जाऊन पोचतो. ब्लो रूम म्हणजे आमच्या मिलमधली पहिली खोली. कापसाच्या गाठी तिथे फोडायच्या, कापूस पिंजून साफ व्हायचा. धूळ तिथेही होती, पांढरी. पाळी सुटून घरी आलो की शांता दारातूनच म्हणायची, "आधी भुवया आल्या. माणूस मागून येऊन राहिला."

शांता माझी बायको. ती गेल्यानंतरचा हा दुसरा मे.

धुळीच्या मागोमाग इथे परीक्षा येतात. शेजारचा पोरगा कानात काहीतरी घालून अंगणात फेऱ्या मारतो, पुटपुटतो, मधेच थांबून आभाळाकडे बघतो. त्याला बघून मला गेल्या वर्षीचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. तेव्हा परीक्षा आमच्या घरात होती. नात मित्रा, मिलिंदची एकुलती, युरोपच्या इतिहासाला बसली होती. फ्रिजच्या दारावर, कपाटांवर, मायक्रोवेव्हवर कार्डं चिकटवलेली. दूध काढायला गेलो तर आधी फ्रान्सची राज्यक्रांती बाजूला करावी लागे. एका कार्डापासून दुसऱ्या कार्डापर्यंत तिनं लाल बाण काढले होते. ज्ञानाचा उदय झाला, बाण, राजाची सत्ता गेली, बाण, माणसाला हक्क मिळाले. खालच्या ओळीत वाफेचं इंजिन, बाण, कारखाना, बाण, शहर, बाण, युनियन, बाण, मताचा हक्क.

शांता त्याच हिवाळ्यात गेली होती. घरात सगळे हळू बोलत. एकटी मित्रा मोठ्यानं पाठ करायची, म्हणून मी तिच्यापाशी बसून राहायचो.

"हे एनलायटन्मेंट म्हणजे काय गं?"

"आबा, म्हणजे लोकांनी रीझन वापरायला सुरुवात केली. डोकं. राजा देवानं पाठवलाय वगैरे मानायचं बंद केलं."

"अन् त्याच्या आधी डोकं कशाला वापरत होते? टोपी अडकवायला?"

"आबा, सिरियसली. इट्स अ बिग डील."

असेल. मी सातवीपर्यंत शिकलो, त्यातलंही अर्धं वर्ग झाडण्यात गेलं. पण बाणांवर माझा विश्वास बसत नाही. बाण फार सरळ असतो. काढणारा इथून पेन टेकवतो आणि तिथे उचलतो. मधे कोण कोण उभं होतं, कोणाला बाजूला हो म्हटलं, ते बाणात येत नाही. मी त्या खालच्या ओळीतल्या बाणावरूनच आयुष्यभर चाललो आहे, म्हणून बोलतो.

मिलची बदनामी मात्र मी करणार नाही. गावात माझ्या बापाला वाट सोडून उभं राहावं लागे. पुढून कोण येतंय ते बघायचं आणि मग बाभळीच्या अंगाला व्हायचं. मिलमध्ये आलो तर भोंगा सगळ्यांना एकच. पाटलाच्या पोरासाठी आधी आणि आमच्यासाठी मागून, असं त्याला वाजता येत नव्हतं. पहिल्यांदा तो भोंगा ऐकला तेव्हा छातीत काहीतरी मोकळं झालं, ते आजही आठवतं. मित्राच्या पुस्तकात मोठमोठी माणसं जे सांगतात, ते मला भोंग्यानं सांगितलं. पुढे युनियन आली. मोर्चात हातात हात, सगळे भाऊ. मोर्चा परत आला की डबे उघडायला मात्र ज्याचं त्याचं झाड ठरलेलं. पाण्याचे माठ दोन. कोणी पाटी लावली नव्हती. कायदा तर केव्हाचा झाला होता.

तेव्हापासून मला सवय लागली. कोणी समान म्हटलं की मी आधी माठ मोजतो.

मित्राला यातलं काहीच माहीत नव्हतं. आपण बौद्ध आहोत एवढं तिला ठाऊक होतं. शाळेत सांगितलं की मैत्रिणी म्हणत, वाव, कूल, म्हणजे तू मेडिटेशन करतेस का? आपण बौद्ध कशापायी झालो, हे तिनं कधी विचारलं नाही आणि मिलिंदनं सांगितलं नाही. तिच्या एका पुस्तकात भारताच्या जातींचा त्रिकोण होता, वर एक, खाली एक, रंग भरलेला. त्या त्रिकोणाकडे ती पिरॅमिडकडे बघावं तशी बघायची. इजिप्तमधलं काहीतरी, फार जुनं.

शांताला हे खुपायचं. दवाखान्यात शेवटी शेवटी बोलताना तिला दम लागे, तरी तिनं माझा हात ओढून सांगितलं, "पोरीला सांगा ती कोणाची आहे ते. इथून कॉलेजात गेली की दुसरं कोणी सांगेल, अन् ते वाईट तोंडानं सांगेल."

मी हो म्हटलं.

मिलिंदला हे सांगितलं तेव्हा तो लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, "बाबा, आत्ता नको. तिची परीक्षा होऊ दे, कॉलेजचं होऊ दे. इथे कोणी विचारत नाही. तिला कशाला ओझं?"

"विचारत नाही तर भिंतीवरची तसबीर तुझ्या बेडरूममध्ये काहून?"

आमच्या सुनेनं, वैशालीनं, चहाचा कप उगाच दोनदा विसळला. ज्यांच्यामुळे आमच्या घरात पहिलं पुस्तक आलं, त्यांची तसबीर हॉलमध्ये होती. मिलिंद इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर गेला, त्याचे मित्र घरी जेवायला येऊ लागले, आणि तसबीर आत गेली. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. लोक मग फिरून फिरून विचारतात. मूळचे कुठले? अच्छा, विदर्भ. विदर्भात कुठे? गावात कोणत्या भागात? अशा माणसाला माझा पत्ता नको असतो. पत्र थोडंच टाकायचं असतं त्याला.

मिलिंदलाही मी दोष देत नाही. त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर जात विचारत नाही, हे खरं आहे. भोंगाही विचारत नव्हता.

तर परीक्षेच्या आदल्या शनिवारी मित्रा म्हणाली, "आबा, चला, तुम्हाला एक मिल दाखवते. टीचर म्हणाल्या, बघून आलात तर इंडस्ट्रियल रिव्होल्यूशन लक्षात राहील." लायसन नवीन होतं, त्यामुळे दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरून ती मला जवळच्या वूस्टर शहराच्या खालच्या अंगाला नदीकाठी घेऊन गेली. वाटेत एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तर मला म्हणाली, "आबा, डॅडला सांगू नका." म्हणजे त्या घरात न सांगायच्या गोष्टी माझ्याकडे आधीच जमायला लागल्या होत्या.

लाल विटांची लांबच लांब इमारत. खिडक्या थेट आमच्या मिलसारख्या, उंच, वरून कमानीच्या. अर्ध्या इमारतीत आता लोक राहतात. एका खिडकीत बाई कुत्र्याला घेऊन कॉफी पीत बसली होती, जिथे कोणीतरी धुळीनं खोकत उभं असेल त्याच जागी. उरलेल्या भागात म्युझियम. तिथे फ्रँक नावाचे एक म्हातारे मशीनं दाखवतात. माझ्याच वयाचे, पँटीला पट्ट्याऐवजी खांद्यावरून गेलेले पट्टे. त्यांची आजी कॅनडातून आली होती, तिला फक्त फ्रेंच येई आणि ती याच मिलमध्ये कामाला होती. त्यांनी एक माग चालू केला. एकच माग, तरी जमीन हलली. माझे डोळे भरले. मित्राला वाटलं आवाजानं.

फ्रँकनी खिडकीतून नदी दाखवली. मशीनं या पाण्यावर चालत, कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. तो कापूस कोण वेचत असे, ते त्यांनी न विचारता सांगितलं. गुलाम वेचत. माणसाचे हक्क ज्या काळात कागदावर उतरत होते, त्याच काळात. मी मित्राला विचारलं, "तुझे रीझनवाले तेव्हा कुठे होते?"

ती ओशाळून म्हणाली, "काहींच्या घरीच होते आबा, गुलाम."

"हे कोणत्या कार्डावर आहे?"

"नाहीये," ती म्हणाली.

मग फ्रँकनी धोटा हातात घेतला. आजकालच्या पोरांना धोटा ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. लाकडाची छोटी होडी समजा, दोन्ही टोकांना लोखंड. पोटात सुताची कांडी बसते. हा धोटा मागावर इकडून तिकडे पळतो आणि आडवं सूत विणतो. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. मित्रा एकदम पुढे झाली आणि फ्रँकना अभिमानानं म्हणाली की माझ्या आजोबांनी सगळं आयुष्य कापडाच्या मिलमध्ये काढलंय, ते करून दाखवतील.

फ्रँक खूश झाले. म्हणाले, मग मी कोण दाखवणार, आणि धोटा माझ्या हातात दिला.

गुळगुळीत, जड. हातात घेतला तसा मी थांबलो. मी धोटा कधी हातात घेतला नव्हता. आमच्या साळखात्याच्या, म्हणजे विणायच्या खात्याच्या, दारातून मी हजारदा गेलो असेन, पण धोटा लांबून पाहिलेला. कांडी कोणत्या बाजूनं बसते, तेही मला माहीत नव्हतं. मी तो उलटा धरला होता, हे मला नंतर कळलं.

"मला येत नाही," मी मित्राला म्हणालो. "हे माझं खातं नव्हतं."

फ्रँकना वाटलं म्हातारा लाजतो आहे. त्यांनी हसत हात पुढे केला, धोटा परत द्या, मी दाखवतो म्हणून. त्यांचा हात माझ्यापासून वीतभर होता. आणि मी धोटा टेबलावर ठेवला. त्यांच्या हातात दिला नाही. ठेवून एक पाऊल मागेही सरलो.

माझ्या मनात काही नव्हतं. हातानंच केलं ते. आयुष्यभर जो हात काही वस्तू हातात न देता खाली ठेवायला शिकला, त्याला समोरचा कॅनडावाल्या बाईचा नातू आहे हे कोण सांगणार? फ्रँक क्षणभर हात तसाच धरून उभे राहिले, मग त्यांनी धोटा उचलला, भोकाला ओठ लावले आणि सुर्रकन ओढलं. सुताचं टोक त्यांच्या तोंडात आलं. ते त्यांनी बोटांनी काढून दाखवलं.

मग त्यांनी सांगितलं की इथे याला मरणाचा मुका म्हणत. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. त्यातून क्षय पसरे. त्यांच्या आजीची बहीण तशीच गेली. पुढे इथे कायदा झाला, तोंड लावायचं नाही, तेव्हा सुई काढली, हुक काढले. मला हे माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो की धोट्याला तोंड लावायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

परत येताना मित्रानं गाडी चालू केली नाही. पार्किंगमध्येच बसून राहिली. काचेवर पिवळी धूळ होती, तिच्यातून नदी मळकी दिसत होती.

"आबा, त्यांनी हात पुढे केला होता."

"हो."

"तुम्ही खाली ठेवलं. व्हाय? तुम्ही रागावलात का त्यांच्यावर?"

मिलिंदचा शब्द एका बाजूला, शांताचा एका बाजूला. मिलिंदला मी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. शांताला हो म्हटलं होतं. आणि पोरीनं विचारलं होतं. मी एवढंच म्हणालो, "धोट्याला तोंड लावावं लागतं, बघितलंस नं? आमच्या मिलमध्ये वाटेल त्याच्या तोंडाचा धोटा दुसरा उचलत नव्हता. आमचं तोंड त्यांना चालत नव्हतं. म्हणून साळखात्यात आम्हाला घेत नव्हते."

"आम्हाला म्हणजे?"

"तुझ्या पुस्तकातला त्रिकोण आहे नं. त्याच्या खालच्या रेघेच्याही खाली."

मग मी थांबलो नाही. माझ्या बापाच्या काळात दाराशीच अडवत. माझ्या काळात कोणी अडवत नव्हतं, उत्तर नुसतं पुढे ढकलत. लग्न झालं तसा मी एकदा जॉबरकडे गेलो होतो. जॉबर म्हणजे खात्यावर माणसं लावणारा. म्हटलं, मला साळखात्यात लावा, तिथे हात शिकतो. जॉबर वाईट माणूस नव्हता. माझ्या लग्नात येऊन गेला होता. जेवला मात्र नव्हता. म्हणाला, "माझं काही नाही रे. बाकीचे धोटा उचलणार नाहीत." तेव्हापासून, पोरी, माझं काही नाही असं म्हणणारा माणूस दिसला की मी सावध होतो. मंडळात तसे पुष्कळ आहेत. त्यांचं कोणाचंच काही नसतं.

मित्रा रडत होती. मला ते नको होतं. शांतानं मला सांगायला लावलं होतं, रडवायला नाही. म्हणून मी तिला शांताची गोष्ट सांगितली.

शांता त्याच मिलमध्ये कांड्या भरायच्या खात्यात होती. तिथे सगळ्या बाया आमच्याच. सूत तुटलं की दोन टोकं जोडून गाठ मारायची, आणि सूत विसकटू नये म्हणून बोट जिभेला लावायचं. दिवसभरात किती वेळा, त्याला मोजदाद नाही. त्या भरलेल्या कांड्या टोपलीतून साळखात्यात जात. तिथे ते उंच जातीचे लोक कांडी धोट्यात घालत आणि भोकाला तोंड लावून सूत आत ओढत. माझ्या तोंडाचा धोटा त्यांना चालत नव्हता. शांताच्या थुंकीचं सूत ते दिवसभर तोंडानं ओढत होते.

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शांताच्या आलं. जॉबरनं नाही म्हटलं त्या दिवशी मी घरी येऊन कोपऱ्यात बसलो होतो, भुवयांवर कापूस घेऊन. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "काहून तोंड पाडून बसले? तुमची थुंकी नाही चालत त्यायले. माझी तर रोज गिळून राहिले." आणि अशी हसली, नाकातून, फुर्र करून, की परातीतलं पीठ उडालं. पुढे आयुष्यभर कुठे काही अपमान झाला की ती मला बारीक आवाजात एवढंच म्हणे, "गिळून राहिले." आम्ही दोघंही हसायचो. दुसऱ्या कोणाला कळायचं नाही म्हातारा-म्हातारी कशाला हसतात.

मित्रानं डोळे पुसले. "वेट," ती म्हणाली. "म्हणजे आजीची थुंकी. सगळ्या कापडात?"

"गावातल्या अर्ध्या धोतरांत."

आणि ती हसली. नाकातून. फुर्र. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण तो आवाज मी त्या हिवाळ्यापासून ऐकला नव्हता.

घरी मिलिंदला तिनंच सांगितलं, जेवताना, पोळी तोडता तोडता. मिलिंदनं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "बाबा, मी तुम्हाला म्हटलं होतं."

"त्यांनी नाही सांगितलं, डॅड. मी विचारलं," मित्रा म्हणाली. "तू का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाही." आणि मग हळूच, मराठीत, लहानपणच्या आवाजात, "बाबा, आई खरंच असं म्हणायची?" शांतानं ही गोष्ट त्याला कधी सांगितली नव्हती. तो शिकत होता, त्याला वर बघू द्यायचं होतं. आम्हीही बाणच काढत होतो म्हणा, पोराच्या बाबतीत.

परीक्षेत तिला काय विचारलं, तिनं काय लिहिलं, मला माहीत नाही. मार्क बरे आले. फ्रिजवरची कार्डं निघाली, चिकटपट्टीचे डाग राहिले, ते अजून आहेत. तसबीर अजून बेडरूममध्येच आहे. आता दार मात्र उघडं असतं. यावरून मी काही ठरवत नाही. मी घाईनं काही ठरवत नसतो.

या वर्षी शेजारचा पोरगा पुटपुटतो आहे आणि मित्राची शाळाच संपत आली. गेल्या रविवारी मंडळानं कॉलेजात जाणाऱ्या पोरांचा सत्कार ठेवला होता. आम्ही सकाळीच हॉलवर गेलो, सजावटीला. कागदाची फुलं दोऱ्यात ओवून तोरणं करायची होती. दोऱ्याचं रीळ कोणाच्या तरी पिशवीत सुटून गुंता झालेला. मित्रा मांडी घालून बसली आणि तिनं सगळा गुंता सोडवून दोरा एका पुठ्ठ्यावर पुन्हा गुंडाळला. दोरा कुठे विसकटला की बोट जिभेला लावायची आणि पीळ द्यायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी खुर्चीवर बसून बघत होतो.

तिच्या शेजारी कुमुदकाकू होत्या, पुण्याच्या, मंडळाच्या जुन्या. बोलायला गोड. फुलं मोजता मोजता म्हणाल्या, "मित्रा, कॉलेजात गेल्यावर मराठी विसरू नकोस हं. तुम्ही मूळचे कुठले गं? विदर्भातले ना? विदर्भात कुठे?"

मिलिंद स्टेजवर माईकची वायर लावत होता. त्याचा हात थांबलेला मला दिसला.

मित्रा म्हणाली, "मिलच्या गावचे, काकू. आजी तिथे कांड्या भरायची, आबा ब्लो रूममध्ये. आम्हाला विणायच्या खात्यात घेत नव्हते ना, कास्टमुळे." जसं काही हवामान सांगावं.

कुमुदकाकूंच्या हातात दोन फुलं होती. त्या म्हणाल्या, "अगं बाई. हो का." मग म्हणाल्या, "आता कुठे काय राहिलंय असलं. आमच्याकडे तर कधीच काही नव्हतं."

मित्रानं पुठ्ठ्यावरून हातभर दोरा काढला, टोक ओठांत धरून ओलं केलं, सुईत ओवलं आणि सुई काकूंना दिली. हातात दिली. काकूंनी घेतली. एक फूल ओवलं, दुसरं ओवताना दोरा सुईतून निसटला.

मी पुढे वाकलो. माझं वय झालं आहे, पण एवढ्या लांबचं मला अजून नीट दिसतं.

काकूंनी दोऱ्याचं टोक डोळ्यांजवळ धरलं. मग बाजूची कात्री उचलली, टोक कापून टाकलं आणि उरलेलं स्वतःच्या तोंडात घालून ओलं केलं.

आता टोक विसकटलं म्हणून कापलं, की ओलं होतं म्हणून कापलं? विसकटलेलं टोक सगळेच कापतात. शांताही कापायची. खरं सांगतो, मला कळलं नाही, आणि मला हे कळणार नाही हेही मला माहीत आहे. आयुष्यभर असंच झालं. समोरच्याच्या मनात काही असो वा नसो, कात्री कशाला उचलली याचा हिशेब माझ्याच डोक्यात चालू राहतो.

मित्रानंही कात्री बघितली होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि काकूंना अगदी गोडीत म्हणाली, "काकू, कितीही कापा. सगळा दोरा मीच गुंडाळलाय."

"अगं, टोक विसकटलं होतं," काकू म्हणाल्या. दोरा अजून त्यांच्या ओठांत होता, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

"हो ना," मित्रा म्हणाली. ती फुलं शोधायला खाली वाकली. तिचे खांदे हलत होते. मग तो आवाज आला, नाकातून, फुर्र, आणि समोरची दोन-तीन कागदी फुलं फरशीवर उडाली.

स्टेजवरून मिलिंदनं मान वर केली आणि तो माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे जरा कललो आणि शांता म्हणायची तसं, बारीक आवाजात, म्हणालो, "गिळून राहिले."